गुरू नापास तारा नाहीये, खरे नापास तारे वेगळेच

गुरू रात्रीच्या आकाशात ठळक दिसायला लागला की एक मेसेज हमखास फिरतो, "गुरू हा नापास तारा आहे, अजून थोडा मोठा असता तर आपल्याकडे दोन सूर्य असते". वाचायला भारी वाटतं, आणि सगळंच खोटं आहे असंही नाही, म्हणजे गुरू आणि सूर्य दोघेही मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचेच बनलेत हे बरोबर. पण थोडा म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही.

तर हिशोब असा. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट. बाकीचे सातही ग्रह एकत्र केले तरी त्यांच्या अडीचपट एकटा गुरू भरतो. आणि तारा व्हायला, म्हणजे पोटात हायड्रोजन कायमचा जळत राहायला, साधारण ७५ ते ८० गुरू एका जागी गोळा व्हावे लागतात. आपले सगळे ग्रह, त्यांचे चंद्र, लघुग्रह, सगळं खरवडून गुरूत ओतलं तरी दीड गुरूसुद्धा होत नाही. त्यामुळे गुरू "थोडक्यात हुकला" वगैरे काही नाही, तो त्या परीक्षेला बसलाच नव्हता.

२००३ च्या सप्टेंबरमध्ये नासाने आपलं गॅलिलिओ यान मुद्दाम गुरूत पाडलं (इंधन संपत आलं होतं आणि युरोपा नावाच्या चंद्रावर ते चुकून आदळून तिथे पृथ्वीवरचे जंतू जायला नको होते), त्यात वीज तयार करायला प्लुटोनियम होतं, तर तेव्हा इंटरनेटवर चक्क अशी अफवा चालली होती की आता गुरू पेटणार आणि दुसरा सूर्य होणार. त्याच्या नऊ वर्षं आधी, जुलै १९९४ मध्ये, शुमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे एकामागून एक गुरूवर आपटले होते, त्यातल्या मोठ्या तुकड्याची ऊर्जा जगातल्या सगळ्या अणुबॉम्बांना लाजवेल इतकी होती, वातावरणात पृथ्वीएवढे काळे डाग पडले, आणि काही महिन्यांत ते पुसले गेले. पेटलं बिटलं काही नाही.

पेटायचं का नाही हे समजायला आधी ताऱ्यात काय "जळतं" ते बघायला लागेल, कारण आपण जळणं म्हटलं की आग डोळ्यासमोर येते आणि तिथेच गडबड होते. ताऱ्यात ऑक्सिजनबरोबर काही जळत नाही. हायड्रोजनच्या अणूंची केंद्रं एकमेकांवर इतक्या जोरात आदळतात की ती चिकटून शेवटी हेलियम होतो आणि त्यात ऊर्जा सुटते, हे फ्यूजन. दोन्ही केंद्रं धन विद्युतभाराची, म्हणजे एकमेकांना ढकलणारी, त्यामुळे जोर प्रचंड लागतो, आणि तो जोर तापमानातून येतो. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश आहे. अगदी लहानात लहान ताऱ्याला सुद्धा तीस लाख अंशांच्या आसपास जायलाच लागतं. आणि नुसतं एकदा जाऊन भागत नाही, तिथे टिकून राहावं लागतं. बाहेरून ठिणगी टाकून हे होत नाही कारण आजूबाजूचा वायू लगेच पसरतो आणि थंड होतो.

मग हे तापमान येतं कुठून? आकुंचनातून. वायूचा मोठा ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत पडायला लागतो, दाबला जातो, आणि दाबला की तापतो. तापला की तो बाहेर ढकलतो, पण पृष्ठभागावरून उष्णता सतत अवकाशात निघून जात असते, मग परत थोडा आकसतो, परत आतून तापतो. ताऱ्याचं बालपण म्हणजे हेच, करोडो वर्षं आकसत राहायचं आणि तापत राहायचं, जोपर्यंत गाभ्यात फ्यूजन सुरू होऊन जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच आतून भरून यायला लागत नाही. तिथे आकुंचन थांबलं, तारा सेट झाला.

आता खरी मेख इथे आहे. लहान गोळ्याच्या बाबतीत आकुंचन त्याच्या आधीच थांबतं, आणि थांबवणारा फ्यूजन नसतो, इलेक्ट्रॉन असतात. पाउलीचा नियम कॉलेजात फिजिक्स घेतलेल्यांना आठवत असेल, दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी अगदी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. वायू फार दाबला की कमी ऊर्जेच्या अवस्था सगळ्या भरून जातात, मग उरलेल्या इलेक्ट्रॉननी जायचं कुठे तर जास्त ऊर्जेच्या अवस्थांत, आणि त्यामुळे एक वेगळाच दाब तयार होतो. साधा वायू थंड झाला की त्याचा दाब उतरतो, या इलेक्ट्रॉनच्या दाबाला थंड-गरमशी फारसं घेणंदेणं नाही, गोळा कितीही निवला तरी हा दाब त्याला तसाच धरून ठेवतो. झालं, आकसायचं कारणच संपलं, आणि आकसायचं थांबलं म्हणजे तापायचंही थांबलं. गाभा तीस लाख अंशांच्या अलीकडेच अडकला की पुढे आयुष्यभर फक्त निवत जाणं. त्यालाच इंग्रजी पुस्तकांतून फेल्ड स्टार म्हणजे नापास तारा म्हणतात, शास्त्रीय नाव ब्राऊन ड्वार्फ, मराठीत तपकिरी बटू.

हाच इलेक्ट्रॉनचा दाब म्हाताऱ्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांना, म्हणजे श्वेत बटूंना, तोलून धरतो. चंद्रशेखरांनी १९३० मध्ये बोटीने इंग्लंडला जाताना जे गणित मांडायला घेतलं ते त्याचंच, की हा दाब जास्तीत जास्त किती वजन पेलेल. त्याच दाबाने ताऱ्यांची खालची हद्द कुठे येते हे गणितसुद्धा भारतात जन्मलेल्या माणसाने केलं हे मात्र आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. शिव कुमार त्यांचं नाव, नंतर ते अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात होते. १९६२-६३ मध्ये त्यांनी दाखवलं की सूर्यासारखीच घडण असलेल्या वायूचा गोळा सूर्याच्या साधारण ७ टक्क्यांपेक्षा हलका असेल तर तो कधीच नेहमीचा तारा होणार नाही. ७ टक्के म्हणजे ७३ गुरू, आजच्या आकड्याच्या किती जवळ बघा, आणि हे त्या काळच्या साधनांवर. जपानमध्ये हायाशी आणि नाकानो यांनीही १९६३ मध्ये जवळपास तेच काढलं. ब्राऊन ड्वार्फ हे नाव जिल टार्टर यांनी १९७५ मध्ये दिलं, त्या पुढे परग्रहावरच्या सिग्नलच्या शोधासाठी प्रसिद्ध झाल्या.

नापास म्हटलं तरी हे अगदीच ढ नसतात. साध्या हायड्रोजनचा एक जड भाऊ असतो, ड्यूटेरियम, त्याच्या केंद्रात प्रोटॉनबरोबर एक न्यूट्रॉन पण असतो, आणि तो खूप कमी तापमानाला, दहा लाख अंशांच्या आसपास, फ्यूज होतो. साधारण १३ गुरूंच्या वरचे गोळे तेवढे तापतात, म्हणून तरुणपणी ते ड्यूटेरियम जाळून घेतात. पण ड्यूटेरियम असतं किती, हायड्रोजनच्या हजारो अणूंमागे एखादा, त्यामुळे ते जळून संपलं की खेळ खलास, आणि त्याने गोळ्याच्या आयुष्यात फार मोठा फरक पण पडत नाही, निवण्याचा वेग काही काळ मंदावतो इतकंच. ६०-६५ गुरूंच्या वर लिथियम पण जळतं. आणि मग ७५-८० ला हायड्रोजन. हे १३, ६५, ७५ लक्षात ठेवा, पुढे भांडणं यांच्यावरूनच आहेत.

आता एक गोष्ट जी पहिल्यांदा ऐकल्यावर पटत नाही. गुरूपेक्षा ६०-७० पट जड ब्राऊन ड्वार्फ आकाराने केवढा असेल? जवळजवळ गुरूएवढाच. कधी कधी किंचित लहान. त्याच इलेक्ट्रॉनच्या दाबाची करामत आहे, जास्त माल टाकला की गोळा फुगत नाही, आतल्या आत जास्त दाबला जातो. शनीपासून ते जवळजवळ तारा होईपर्यंत, वजन अडीचशे पट वाढतं आणि व्यास थोडा इकडे थोडा तिकडे. गुरूची घनता पाण्याच्या सव्वापटीहून थोडी जास्त, तर ७० गुरूंच्या गोळ्याची सोन्याच्या चौपटीहून जास्त. ६० किलोच्या माणसाचं वजन तिथे दहा टनांच्या वर जाईल, अर्थात उभं राहायला जमीन नाही हा भाग वेगळा. २०१७ मध्ये तर एक असा तारा सापडला, खरा तारा, हायड्रोजन जाळणारा, साधारण ८५ गुरूंच्या वजनाचा, आणि आकाराने शनीएवढा. म्हणून "मोठा ग्रह" म्हणताना मोठा म्हणजे आकाराने की वजनाने हे विचारत जा. नुसता आकार मोजून हा ग्रह, हा ब्राऊन ड्वार्फ आणि हा तारा, असं सांगता येत नाही.

मग तेजावरून सांगता येईल का? ते पण अवघड. ब्राऊन ड्वार्फ जन्मतः गरम असतो, दोन-अडीच हजार अंशांच्या वर, तेव्हा तो लहान तांबड्या ताऱ्यासारखाच दिसतो, पुढे निवत जातो. दीडेक हजार अंशांच्या सुमारास त्याच्यावर लोखंडाच्या थेंबांचे आणि वाळूसारख्या सिलिकेटचे ढग असतात (हो, खरंच), अजून निवला की मिथेन दिसायला लागतो, अजून निवला की पाण्याची वाफ, बर्फ. पण नवा जन्मलेला राक्षसी ग्रह सुद्धा असाच गरम असतो आणि असाच निवतो. आपला गुरू साडेचार अब्ज वर्षांनंतर आजही निवतोच आहे, सूर्याकडून जेवढी उष्णता घेतो त्याच्या जवळपास दुप्पट बाहेर टाकतो. समजा ओट्यावर कोमट चहा दिसला, तर तो छोट्या कपात आत्ताच ओतलेला आहे की मोठ्या पातेल्यात तासाभरापूर्वी केलेला, हे नुसतं बोट लावून कळत नाही, वेळ माहीत पाहिजे. इथेही तसंच, एखादा गोळा ९०० अंशांचा दिसला तर तो तरुण आणि हलका असेल किंवा म्हातारा आणि जड असेल, वय कळल्याशिवाय वजन कळत नाही. आणि एकट्या भटकणाऱ्या गोळ्याचं वय काढणं म्हणजे डोकेदुखी.

यावर स्पेनच्या राफाएल रेबोलो यांच्या गटाने एक मस्त युक्ती काढली, लिथियमची. लहान तारा आतून पूर्ण ढवळला जातो, म्हणून त्याचं सगळं लिथियम कधी ना कधी गाभ्यात जाऊन जळतं. तेव्हा एवढ्या मंद आणि थंड गोळ्याच्या प्रकाशात लिथियमची रेघ (प्रकाशाचे रंग वेगळे करून बघितले की दिसणारी मूलद्रव्याची खूण) अजून दिसत असेल तर तो तारा नाही. मग शोध घ्यायचा कुठे, तर जिथे वय माहीत आहे तिथे, आणि कृत्तिकांपेक्षा चांगली जागा कुठली. कृत्तिका नक्षत्रातले तारे सगळे एकाच वेळी जन्मलेत, वय साधारण बारा कोटी वर्षं, ताऱ्यांच्या मानाने अगदी पोरं. तिथे या गटाला सप्टेंबर १९९५ मध्ये तेइदे १ मिळाला, कॅनरी बेटांवरच्या वेधशाळेच्या नावावरून नाव, वजन साधारण ५५ गुरू.

१९९५ हे साल म्हणजे या विषयाचं नशीबच उघडलं. तेइदे १ नंतर महिनाभरात, ऑक्टोबरमध्ये, इटलीतल्या फ्लॉरेन्सला थंड ताऱ्यांवर एक परिषद होती. तिथे मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी बी जाहीर केला, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिला परग्रह, गुरूच्या निम्म्या वजनाचा आणि चार दिवसांत एक फेरी मारणारा, त्यावर २०१९ मध्ये नोबेल मिळालं. आणि त्याच परिषदेत दुसऱ्या गटाने ग्लिझ २२९ बी जाहीर केला, पहिला असा ब्राऊन ड्वार्फ की ज्याच्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. एकाच सभागृहात राक्षसी ग्रह पण आला आणि नापास तारा पण, आणि तेव्हापासून दोघांमधली रेघ कुठे ओढायची हे भांडण चालू आहे.

ग्लिझ २२९ बी सापडवणाऱ्या गटात नाकाजिमा, ओपनहायमर यांच्याबरोबर होते अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाचे श्रीनिवास कुलकर्णी. जन्म आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, वाढले हुबळीत, सुधा मूर्तींचे भाऊ म्हणून बऱ्याच जणांना माहीत असतील, पण खरं तर त्यांची ओळख उलटी करून द्यायला हरकत नाही. पहिला मिलिसेकंद पल्सार (सेकंदाला शेकडो वेळा गरगरणारा, मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा) शोधणाऱ्यांतही ते होते, ब्राऊन ड्वार्फमध्येही होते, २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळालाय. त्यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीवर ताऱ्याचा उजेड झाकायचं यंत्र बसवलं आणि जवळच्या ताऱ्यांच्या कुशीत काही मंद लपलंय का ते बघायला घेतलं. मृग नक्षत्राच्या खाली शशक म्हणून लहानसा तारकासमूह आहे, त्यात १९ प्रकाशवर्षांवर ग्लिझ २२९ हा तांबडा बटू तारा, त्याच्या शेजारी एक ठिपका दिसला. ठिपका नुसता मागचा एखादा तारा पण असू शकतो, म्हणून वर्षभर थांबून बघितलं की तो ताऱ्याबरोबर सरकतोय का. सरकला. मग वर्णपट घेतला तर त्यात मिथेन! ताऱ्याच्या वातावरणात मिथेन टिकूच शकत नाही, इतक्या उष्णतेत त्याचे तुकडे होतात, आणि आपल्या गुरूच्या वातावरणात तो भरपूर आहे. तापमान हजार अंशांच्या आत. म्हणजे तारा नक्की नाही.

याची पुढची गोष्ट अजून मजेशीर. नंतर या ठिपक्याच्या गुरुत्वाकर्षणाने मूळ तारा किती डुलतो त्यावरून त्याचं वजन मोजलं, ते आलं ७१ गुरूंच्या आसपास. आता ७१ म्हणजे तारा व्हायच्या उंबरठ्यावर, एवढा जड गोळा अजून बऱ्यापैकी तेजस्वी असायला हवा, आणि हा तर फारच मंद. सगळी मॉडेलं चुकली की काय असं वाटायला लागलं. शेवटी २०२४ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणींनी नीट बघितल्यावर कळलं की तो एक नाहीच, दोन आहेत. ३८ आणि ३४ गुरूंचे दोन ब्राऊन ड्वार्फ, एकमेकांभोवती १२ दिवसांत फिरणारे, मध्ये अंतर पृथ्वी-चंद्राच्या फक्त १६ पट. हलक्या दोघांचा उजेड कमी असणारच, मॉडेल बरोबर होतं. जवळजवळ तीस वर्षं ज्याला आदर्श नमुना म्हणून सगळे वापरत होते त्याचं असं निघालं, मला तरी हे वाचून भारी आनंद झाला होता.

बरं, पण मग राक्षसी ग्रह आणि ब्राऊन ड्वार्फ यात फरक काय शेवटी? माझ्या मते खरा फरक वजनात नाही, जन्मात आहे.

ब्राऊन ड्वार्फ ताऱ्यासारखा जन्मतो, वायूच्या ढगाचा तुकडा एकदम कोसळून, वरून खाली. ग्रह खालून वर तयार होतो. नव्या ताऱ्याभोवती वायूची आणि धुळीची चकती असते, तिच्यातली धूळ, बर्फ, खडे चिकटत चिकटत पृथ्वीच्या दहाएक पटीचा गाभा तयार होतो आणि मग तो गाभा आजूबाजूचा वायू भराभर ओढून घेतो. गुरू असाच झाला असं बहुतेक सगळे मानतात, आणि त्याचा पुरावा गुरूच्या अंगावरच आहे. गॅलिलिओ यानाने सोडलेली एक छोटी कुपी ७ डिसेंबर १९९५ ला (परत तेच साल) गुरूच्या वातावरणात शिरली होती, ती तासभर डेटा पाठवत होती, आणि तिला दिसलं की कार्बन, गंधक, आर्गॉन, क्रिप्टॉन असली जड मूलद्रव्यं गुरूत सूर्याच्या तुलनेत साधारण दोन ते चार पट आहेत. शनीत कार्बन तर त्याहून जास्त. ढगाचा तुकडा सरळ कोसळला असता तर सूर्याच्या आणि गुरूच्या मसाल्यात एवढा फरक पडायचं कारण नव्हतं. म्हणून गुरूला छोटा सूर्य म्हणणं मुळातच चुकीचं, त्याच्या पोटात बर्फ आणि खडक कालवलाय. २०१६ मध्ये गुरूपाशी पोचलेल्या जुनो यानाने त्यात अजून भर घातली, गाभा कडक गोट्यासारखा नसून विरघळल्यासारखा दूरपर्यंत पसरलाय, आणि असं का झालं याच्यावर अजून वाद आहेत.

तर जन्मावरून फरक करायचा हे ठरलं, पण जन्म बघायला कोण जाणार. आपल्याला दिसतो तो मोठा झालेला गोळा. त्यामुळे २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या एका गटाने सोपा मार्ग काढला, १३ गुरूंच्या खाली आणि ताऱ्याभोवती फिरतोय तर ग्रह, १३ च्या वर तर ब्राऊन ड्वार्फ, मग जन्माला कसाही आलेला असो. सोयीची रेघ आहे, मोजता येते, पण निसर्गाला तिचं काही पडलेलं नाही. ढगाचा तुकडा कोसळून तीन-चार गुरूंचा गोळा सुद्धा होऊ शकतो, जेम्स वेब दुर्बिणीने आयसी ३४८ या तरुण ताऱ्यांच्या पुंजक्यात तसले एकटे गोळे दाखवलेत. आणि उलट बाजूने, भरपूर माल असलेल्या चकतीत वाढलेला ग्रह १३ ओलांडून पुढे जाऊ शकतो, त्याला अडवायला तिथे कोणी बसलेलं नाही. म्हणजे तीनपासून वीस-पंचवीसपर्यंतचा सगळा पट्टा सरमिसळीचा. नेमका त्याच्या मध्यावर १३ चा खांब रोवलाय.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची, म्हणजे पीआरएलची, माउंट अबूला गुरुशिखरावर दुर्बीण आहे, तिच्यावरच्या पारस या उपकरणाने २०२३ मध्ये टीओआय-४६०३ बी जाहीर केला. वजन जवळजवळ बरोब्बर १३ गुरू, आकार गुरूपेक्षा जेमतेम मोठा, घनता पाण्याच्या १४ पट म्हणजे पाऱ्याच्या जवळपास, आणि ताऱ्याभोवती सव्वासात दिवसांत फेरी. मोजमापात जरा इकडेतिकडे झालं की हा ग्रह, जरा तिकडे झालं की ब्राऊन ड्वार्फ! याला काय म्हणायचं? मला विचाराल तर ग्रह, कारण सूर्यासारख्या ताऱ्यांच्या इतक्या जवळ ब्राऊन ड्वार्फ फारच क्वचित सापडतात, याला चक्क ब्राऊन ड्वार्फचं वाळवंट म्हणतात. जवळ फिरणारे हलके ग्रह भरपूर, जोडीला फिरणारे तारे भरपूर, आणि मधल्या वजनाचे गायब. म्हणजे निसर्गात दोन वेगळे कारखाने आहेत आणि त्यांचा माल मध्ये कमी पडतो, हे त्यातून दिसतं. शिवाय गुरूसारखे ग्रह जड मूलद्रव्यं जास्त असलेल्या ताऱ्यांभोवती जास्त सापडतात, कारण गाभा बांधायला खडी लागते, आणि वजन वाढत गेलं की चार ते दहा गुरूंच्या दरम्यान कुठेतरी हा नियम सुटतो, तिथून पुढचे गोळे कुठल्याही ताऱ्याभोवती सापडतात. नेमका कुठे सुटतो यावर वेगवेगळ्या अभ्यासांचं एकमत नाहीये, पण १३ ला तरी सुटत नाही. एकट्या टीओआय-४६०३ बी पुरतं यातून काही सिद्ध होत नाही हे मान्य.

२०१८ मध्ये त्या व्याख्येत अजून एक अट आली, मूळ ताऱ्याच्या तुलनेत वजन साधारण पंचविसाव्या भागापेक्षा कमी पाहिजे. ही अट का आली त्याला २एम१२०७ बी हा एक चांगला नमुना आहे. २००४ मध्ये व्हीएलटीने त्याचा फोटो काढला, साधारण पाच गुरूंचा गोळा, तेव्हा सगळीकडे परग्रहाचा पहिला फोटो म्हणून गाजला होता. पण तो ज्याच्याभोवती आहे तो तारा नाहीच, तो स्वतःच पंचवीसेक गुरूंचा ब्राऊन ड्वार्फ. पाचास पंचवीस म्हणजे पाचवा भाग, चकतीतून एवढा मोठा ग्रह होणं कठीणच, ही तर जोडी दिसते, एकाच ढगाचे दोन तुकडे पडलेले. पाच गुरूंचा असूनही त्यामुळे तो नव्या अटीत ग्रह म्हणून बसत नाही. मला ही अट १३ पेक्षा जास्त पटते, कारण ती निदान जन्माबद्दल काहीतरी विचारते.

आणि एकटे भटकणारे? त्यांच्यासाठी तर व्याख्या अजूनच केविलवाणी होते. सूर्यापासून साडेसहा प्रकाशवर्षांवर लुहमन १६ नावाची ब्राऊन ड्वार्फची जोडी आहे, अल्फा सेंटॉरी आणि बर्नार्डचा तारा सोडले तर आपले सगळ्यात जवळचे शेजारी, आणि ते २०१३ पर्यंत कोणाला माहीतच नव्हते, इतके मंद. वर्षभरात केविन लुहमन यांनाच वाइज उपग्रहाच्या डेटात अजून एक मिळाला, वाइज ०८५५, सव्वासात-साडेसात प्रकाशवर्षांवर. याचं तापमान पाणी गोठतं त्याच्या आसपास, म्हणजे आपल्या फ्रीजमधलं. वजन तीन ते दहा गुरूंच्या दरम्यान कुठेतरी, ढग बहुधा पाण्याच्या बर्फाचे. वजनाने ग्रह, पण भोवती फिरायला तारा नाही म्हणून ग्रह नाही, ड्यूटेरियम जाळत नाही म्हणून ब्राऊन ड्वार्फ पण नाही, संघटनेने अशांना सब-ब्राऊन ड्वार्फ म्हणायचं ठरवलंय, पेपर लिहिणारे मात्र सर्रास ब्राऊन ड्वार्फच लिहितात.

गंमत म्हणजे ड्यूटेरियमचा भाग आता खरंच तपासता आलाय. जेम्स वेबने वाइज ०८५५ च्या उजेडात अशा मिथेनची खूण पकडली ज्यात एका हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसलाय, आणि त्याचं प्रमाण सूर्यमाला जन्मताना वायूत जेवढं होतं साधारण तेवढंच निघालं. म्हणजे याने ते कधीच जाळलेलं नाही, वजन १३ च्या खालीच आहे हे मॉडेलवर विसंबून न राहता कळलं, कृत्तिकांमधल्या लिथियमच्या युक्तीसारखंच. पण तो कुठल्या ताऱ्याच्या चकतीत वाढून बाहेर फेकला गेला की ढगातून एकटाच जमला, हे मात्र ड्यूटेरियम सांगत नाही, दोन्ही बाबतीत ते असंच शिल्लक राहिलं असतं.